पुडी बांधायला जागा

काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमध घ्यायला उभा होतो. मालकीणबाईंच्या मागे छतापर्यंत खणच खण, पण हाताशी जेमतेम दहा-बारा बरण्या, आणि पुढ्यातली लाकडी फळी चक्क रिकामी. "इथेही बरण्या मांडा की, सारखं उठायला नको," मी न मागता सल्ला दिला.

"मग पुडी कुठे बांधू? तुमच्या डोक्यावर?"

आठवडाभर ऑफिसात मी हेच करत होतो: रिकामी जागा भरून टाकणं. आमच्या डेटाबेसमध्ये कोट्यवधी नोंदी नात्यांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. एकीला हाक मारली की तिचं सगळं गणगोत हजर करावं लागतं. डिस्कवरून त्यांना आणण्यात वेळ जातो, म्हणून सर्व्हरची जवळजवळ सगळी मेमरी मी त्यांना हाताशी ठेवण्यासाठी, म्हणजे कॅशला देऊन टाकली होती. तरी उत्तरं रखडायची. रखडणारच! उत्तर जुळवायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॅश कमी केली आणि उत्तरं झरझर येऊ लागली. सगळं जवळ बाळगणं म्हणजे हुशारी नव्हे, हे आता मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या डोक्यातही तयार उत्तरांच्या बरण्या खच्चून मांडलेल्या असतात. समोरचा बोलू लागला की त्याचं बोलणं ठेवायचं कुठे?

परवा बायको काहीतरी सांगत होती. मी मध्ये न बोलता ऐकत राहिलो. ती एकदम थांबली, माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बरं आहे ना तुला?"