भटूनानांची गाठ

मंगळवारी सकाळी नानांचा मुलगा कचेरीच्या दारात आला आणि म्हणाला, "नाना गेले." मी हातातला रुमाल बांधला, फळीवर ठेवला आणि त्याच्याबरोबर निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले.

रुमाल म्हणजे आमच्या दप्तरखान्यात जुने कागद ज्यात बांधून ठेवतात तो लाल कापडाचा चौकोन. धुळ्याच्या कचेरीत असे हजारो रुमाल आहेत आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत ते सगळे भटूनानांच्या ताब्यात होते. स्वातंत्र्याला चार वर्षे झाली होती तेव्हा मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून आलो. माझे गाव कोकणात, खाडीकाठी. वडील नुकतेच वारले होते, आई आणि दोन बहिणींना माझ्या नोकरीखेरीज आधार नव्हता, आणि सहा महिन्यांनी साहेबांचा शेरा चांगला आला तरच मी कायम होणार होतो. धुळ्यात गल्ल्यांना नावे नव्हती, नंबर होते. मी पाचव्या गल्लीत खोली घेतली आणि पहिले पंधरा दिवस रोज चौथीत शिरत होतो. लोक आपसात अहिराणी बोलत. त्यातले निम्मे कळत नसे आणि विचारायची लाज वाटे.

पहिल्याच आठवड्यात नानांनी विचारले, "भाऊ, जेवन व्हयनं का?" मी उगाच हो म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि मला घरी नेले. परसात अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. ते भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी मी आयुष्यात प्रथमच पाहिली. अक्का आतून म्हणाल्या, "आधी दही वाढा, नही ते भाऊना डोयाले पानी येई." पाणी आलेच. पण ते मिरचीने आले, असे सगळ्यांनी धरून चालले…

मला वाचायचा नाद. दप्तरातले मोडीतले जुने कागद मी काम नसतानाही रुमाल सोडून वाचत बसे. कोण कोणाला विहीर देतो, कोण बांधावरच्या आंब्याबद्दल भांडतो, त्यात मला गावाकडची माणसे भेटत. पूर्व आणि पश्चिम मिळून खानदेश जिल्हा एक होता तेव्हाचे धरणगावकडचे कागदही आमच्याकडेच होते. चौथ्या महिन्यात तिकडचे दोन भाऊ आले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा त्यांच्या आजोबांचा करार त्यांना हवा होता. रुमाल उघडला, करार नव्हता. तो मी दोन दिवसांपूर्वी वाचला होता. एका वेळी दोन-तीन रुमाल उघडून बसण्याची माझी खोड. तो दुसऱ्याच कुठल्या तरी रुमालात गेला असणार, हे मला तत्क्षणी कळले. साहेबांनी विचारले, "हा रुमाल अलीकडे कोणी सोडला होता?" मी म्हणालो, "मी नाही, साहेब."

नानांच्या हातात त्या रुमालाची टोके होती. तो त्यांनीच नुकताच सोडला होता, आणि सोडताना त्यांना बराच वेळ लागला होता. ते म्हणाले, "दप्तर माझ्या ताब्यात आहे, साहेब. सोमवारी कागद देतो. नाही दिला तर लेखी उत्तर माझं." त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत चुकीबद्दल एकही लेखी उत्तर द्यावे लागले नव्हते.

रविवारी त्यांनी मला दप्तरखान्यात बोलावले. आम्ही दोघेच होतो. एक रुमाल माझ्यापुढे ठेवून ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, ही गाठ तुम्हनी शे." मी पाहिले. खाडीत होडी बांधतात तशी ती गाठ होती. ओढली की आणखी आवळणारी. लहानपणापासून हाताला तीच सवय. नानांची गाठ वेगळी होती. मी म्हणालो, "नाना, मी खोटं बोललो."

"माहीत शे. आते चला. आठे बठ्ठं सापडस, येळ लागस इतकंच." आठे म्हणजे इथे, बठ्ठं म्हणजे सगळं, एवढी अहिराणी मला तोवर कळू लागली होती.

मग ते फळ्यांवरून हात फिरवत चालू लागले. रुमाल बघत नव्हते, गाठी चाचपत होते. स्वतःची गाठ लागली की पुढे, माझी लागली की रुमाल खाली. दुपारपर्यंत असे अकरा रुमाल निघाले. आठव्यात धरणगावचा करार होता. मी तो काढून नानांच्या हातात दिला. नाना डोक्यावरची टोपी काढून वारा घेत हसले. "बरं व्हयनं, आम्हनी गाठ तुम्हले येत नही. नही ते बठ्ठं दप्तर सोडनं पडतं."

सोमवारी साहेबांनी विचारले तेव्हा नाना एवढेच म्हणाले, "दुसऱ्या रुमालात होता." मी शेजारी उभा होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो. दोन महिन्यांनी मी कायम झालो. आईला धुळ्याला आणले, बहिणींची लग्ने इथूनच केली, अक्का दोन्ही वेळा पापड लाटायला आल्या. या सगळ्याच्या मुळाशी माझे ते गप्प राहणे आहे, हे मी साहेबांना कधी सांगितले नाही. नानांनी कधी आठवण करून दिली नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

त्या सोमवारी साहेब गेल्यावर नानांनी माझ्या हातात रिकामा रुमाल दिला आणि त्यांची गाठ शिकवली. कशासाठी अशी, असे मी विचारले. ते म्हणाले, "बांधणारा एक असतो, सोडणारा दुसरा. तो घाईत असतो. एका ओढीत सुटली पाहिजे." मला ती नीट जमायला आठवडा लागला. तोवर ते रोज माझ्या गाठी सोडून पाहत आणि रुमाल परत माझ्यापुढे ठेवत.

परवा दुपारी मी दप्तरखान्यात एकटाच होतो. नानांसारखा फळ्यांवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेलो. निवृत्त होण्यापूर्वी त्यांनी बांधलेले पुष्कळ रुमाल अजून तसेच आहेत. त्यांच्या गाठी कोणत्या आणि माझ्या कोणत्या, हे माझ्या बोटांना ओळखता आले नाही. बठ्ठ्या एका ओढीत सुटतात.