व्हिएन्नातला ट्रामचा पास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं तर तिलाच सांगायला हवं होतं. कळत का नाही मला? कळतं.

आम्ही दुबईजवळ अल ऐनला राहतो. इथे गाडीशिवाय पान हलत नाही, आणि गाडी चालवतो मी. भाजी, क्लिनिक, मैत्रिणीकडचं हळदीकुंकू — सगळीकडे मीच नेणार. "अहो, सोडता का जरा?" असं तिनं विचारलं की मी आधी कपाळाला आठ्या घालायचो, मग किल्ली उचलायचो. वैताग यायचा म्हणून? छे. मला ते विचारणं आवडायचं.

मग एका सुट्टीत व्हिएन्नाला गेलो. तिथे आठवड्याचा पास काढला की ट्राम, बस, मेट्रो — कशातही बसा. मला मेला तो नकाशाच उमगेना. दोनदा सगळ्यांना उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढवलं. नुसती चिडचिड! आणि वैशाली? मी उठायच्या आत एकटी ट्रामने बाजारात जाऊन चेरी घेऊन आली. एकटी! मला विचारलंसुद्धा नाही.

पुढे एका दुपारी तिनं आणि सईनं, आमच्या लेकीनं, कालव्याकाठी सायकली भाड्यानं घेतल्या. मी म्हटलं, तुम्ही जा. वैशालीची पर्स माझ्याकडे. मिरजेत ती कॉलेजला सायकलने जायची हे मला ठाऊक होतं, पण पाहिलं कधी नव्हतं. ओढणी कमरेला खोचून, खिदळत ती माझ्यासमोरून गेली — माझ्याकडे न बघता. बरं वाटायला हवं होतं ना मला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी — पर्समधून तिचा पास काढला. फाडला. कचऱ्याच्या डब्यात टाकला.

स्टॉपवर ती पर्स उपसत राहिली. रुमाल, कंगवा, गोळ्या, सगळं बाकावर मांडून बघितलं. आणि मी तिला चारचौघांत झापलं, "एक कागद सांभाळता येत नाही तुला?" सई म्हणाली, "बाबा, इट्स ओके, वी कॅन बाय अनदर." तिलाही गप्प केलं. नवा पास काढला आणि माझ्या खिशात ठेवला. उरलेले दिवस वैशाली माझ्या मागून चालत होती. मी चुकीच्या ट्रामकडे नेलं तरी काही बोलायची नाही.

त्यानंतर किती वेळा ठरवलं, आज सांगून टाकू. दर वेळी शेपूट घातलं.

परवा जेवताना सईनं आईसाठी ड्रायव्हिंग स्कूलचा विषय काढला. "मम्मा, यल्ला, चल ना, जस्ट डू इट!"

वैशाली हसली. "नको गं बाई. व्हिएन्नात साधा पास सांभाळता आला नाही मला. गाडी काय चालवणार मी?"

मी समोरच होतो. तोंड उघडलं — आणि म्हणालो, आमटी वाढ.

तिनं वाढली.