धानाच्या मुळात मी पाहिलं ते

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही — देवासमोर तर मी भलतंच मागत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलते. आता सहन होऊन नाही राहिलं.

कुंदाताई जबलपूरच्या एका शेती कॉलेजात शास्त्रज्ञ, मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दोघी नागपूरकडच्या, म्हणून इतरांच्या त्या मॅडम आणि माझ्या ताई. शहपुऱ्याजवळच्या धानाच्या एका बांधीतून त्यांनी निळं-हिरवं शेवाळ आणलं होतं. असलं शेवाळ बांधीच्या पाण्यावर तरंगतंच, हवेतला नत्र धरतं, धानाला थोडाफार देतं. ताईंचं मात्र थेट मुळाच्या आत शिरायचं. आत घरच करायचं! धान त्याला साखर द्यायचं, ते धानाला नत्र — आणि युरियाचा एक दाणा न टाकता कुंडी हिरवीगार. ताईंनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. म्हणाल्या, तू बघ, आणि मला वेड लागलं नाही म्हणून सांग. मी पाहिलं. मुळाच्या आत हिरव्या मण्यांच्या माळा होत्या, जिवंत.

त्या उन्हाळ्यात ताई आईच्या आजारपणासाठी गावी गेल्या. शेवाळाच्या दोन बाटल्या माझ्या हवाली केल्या, वेगवेगळ्या खोल्यांत ठेव म्हणून बजावलं. मी एकाच खोलीत ठेवल्या. काहून? जिना चढायचा कंटाळा, दुसरं काय! वर मावसबहिणीच्या लग्नाला निघून गेले, कुणाला न सांगता. मागे वीज गेली, थंड खोलीची भट्टी झाली. येऊन बघते तर दोन्ही बाटल्या पिवळ्या, घाण वास मारून राहिल्या होत्या.

रडले का मी? छे. डोकं बघा कसं चाललं माझं — मागच्या अंगणात शेतकऱ्यांना वाटायच्या साध्या शेवाळाचं टाकं होतं. बाटल्या धुतल्या आणि त्यांत ते साधं शेवाळ भरलं. दिसायला हुबेहूब तेच. ताई आल्या, बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, माझ्यापेक्षा तूच नीट सांभाळलंस. मी हसले.

तेव्हाच सांगितलं असतं तर? ओरडल्या असत्या, बस. आणि दुसऱ्या दिवशी शहपुऱ्याला जाऊन त्याच बांधीतली माती घेऊन आल्या असत्या. बांधी तेव्हा होती हो! पुढे तिथे मुरूम पडला, प्लॉट पाडले.

मग कुंड्यांमधलं धान पिवळं पडायला लागलं. दर हंगामात मुळं रिकामीच. ताईंनी पाणी बदललं, माती बदलली, चष्मा बदलला. सगळ्यांवर संशय घेतला — माझ्यावर सोडून.

पण मला सांगायचं ते हेही नाही. मी अजून आडूनआडूनच बोलून राहिले.

शेवटी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंना जाब विचारला. ताईंनी काढलेले मुळांचे फोटो कुणी मानेना — शेवाळ मुळाला वरून चिकटलं असेल म्हणाले. मग साहेब माझ्याकडे वळले. "आप तो साथ थीं। आपने खुद देखा था?" ताई माझ्याकडे बघत होत्या, अगदी निश्चिंत. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग आता का होत नाही, बाटल्या कुणाकडे होत्या? माझी जीभच फिरली. नाही — जीभ कसली फिरते? मी फिरवली.

"ठीक से याद नहीं, सर।"

ताई खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच साहेबांकडे जाऊन आल्या, आपल्याच बघण्यात चूक झाली म्हणून सांगून आल्या. कॅन्टीनमध्ये लोक त्यांच्यावर हसायचे आणि मी तिथेच चहा पीत बसायची.

आता ताई निवृत्त आहेत, घमापुरात एकट्या राहतात. मी जाऊन येते अधूनमधून. डोळे चांगले आहेत असं डॉक्टर म्हणतात. पण तांदूळ निवडून झाले की ताट माझ्याकडे सरकवतात — तू बघ ग, माझ्या बघण्यावर जाऊ नको. दारात शेजारीण उभी असली तरी आधी मला विचारतात, तीच आहे ना? जिनं कुणी न पाहिलेलं पाहिलं, तिची ही गत मी केली. आणि घरी येऊन मी जेवतेही, झोपतेही.

परवा ताट सरकवताना त्या थांबल्या. "एकदाच विचारते. तुला त्या मुळात काही दिसलं होतं का ग? खरं सांग."

मी तांदळात बोटं फिरवत होते. मान वर केली नाही.

"नव्हतं, ताई."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.