पन्नास ओहम आणि दसऱ्याचा टिका

बालाघाटात घराच्या पडवीत मी मोजमापाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करतो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मलाजखंडकडचे एक इंजिनियर ऑसिलोस्कोप घेऊन आले. पडद्यावर प्रत्येक सिग्नलमागे एक पिल्लू दिसतं, अशी तक्रार.

यंत्र निरोगी होतं. केबल पन्नास ओहमची, आणि तिच्या टोकाला यांनी टीव्हीच्या केबलची पंचाहत्तर ओहमची टोपी लावलेली. या टोपीला टर्मिनेटर म्हणतात. बाटलीच्या बुचाएवढी, आत एक रोध. तिने आलेला सिग्नल गिळायचा असतो. रोध जुळला नाही तर सिग्नल परत फिरतो. इथे बरोबर पाचवा हिस्सा परत येत होता. तेच ते पिल्लू.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता या. पन्नासच्या दोन टोप्या देतो, एक टक्क्याच्या आत," असा शब्द मी दिला.

माझ्याकडे पाच टोप्या होत्या. मोजल्या. चार पास, सगळ्यात चांगली ५०.१. पाचवी ५०.९, नापास. आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, खात्री असावी म्हणून, पुन्हा मोजल्या. ५०.१ ची झाली होती ४७.६. बाकीच्याही खाली. पाचही नापास!

मीटरची बॅटरी बदलली. तारांचा स्वतःचा रोध वजा केला. पंखा बंद केला. ४७.६. नऊ वाजले. दिलेला शब्द तासावर आला होता.

बायको चहा घेऊन आली.

"अवो, काहून तोंड पाडून बसले?"

"सगळ्या टोप्या एका रात्रीत बिघडल्या."

"बिघडतीन कशा? काल मीच तं पुजल्या."

मी टोपी उजेडात धरली. आत, मधल्या पिनेपासून कडेपर्यंत, ओलं हळदकुंकू.

"आतून लावलं?"

"मंग? मागच्या दसऱ्याले मीटरवर टिका लावला, तं तुमी पुसून टाकला. आत तुमचं फडकं जात नाही."

ओल्या कुंकवातूनही थोडी वीज वाहत होती, म्हणून रोध घटला होता. मी गणित केलं. टोपीच्या रोधाला समांतर कुंकवाचा रोध धरला, तर तो नऊशे चोपन्न ओहम निघतो.

"म्हंजे चांगला का खराब?" तिने विचारलं.

"कुंकू म्हणून चांगला."

मग जुना टूथब्रश, स्पिरिट आणि अंगणातलं ऊन. पावणेदहाला पहिली टोपी ५०.१ वर परत आली. बाकीच्याही आपापल्या आकड्यांवर आल्या. बायको ताट घेऊन उभीच होती. टिक्याशिवाय टोप्या घराबाहेर जाणार नव्हत्या.

आम्ही तडजोड केली. टिका बाहेरून, मी पुसायचा नाही; पण पास झालेल्या चार टोप्यांनाच.

"देवापुढे नापास कोणी नसते," ती म्हणाली.

"माझ्या टेबलावर असतं."

दहाला इंजिनियर आले. टोप्या बघून म्हणाले, "भैया, ये लाल निशान काहे का?"

"पास झाल्याची खूण."

माझ्या समजुतीने मी खरं तेच बोललो होतो. त्यांनी मान डोलावली आणि जिचा टिका सर्वांत मोठा आणि ठसठशीत, ती टोपी उचलली. ती पाचवी होती. मघाशी मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात बायकोने तिलाही टिका लावला होता.

"ती नको, ती नापास आहे."

"फिर निशान?"

दाराआडून आवाज आला, "ते ग्रेसनं पास हाय, भाऊ!"

इंजिनियर इतके हसले की चहा बशीत सांडला. तरी त्यांनी खिशातून स्वतःचा मीटर काढला आणि मी दिलेल्या दोन टोप्या मोजल्या. ५०.१ आणि ५०.२. त्या घेऊन ते गेले. जाताना टिका खराब होऊ नये म्हणून टोप्या रुमालात बांधल्या.

पाचवी माझ्याकडेच आहे. रोध अजून ५०.९. टिका पुसलेला नाही.