गोट्याला वजनाचं सांगितलं अन् मीच अडकलो

मित्रांनो, कुणीतरी लवकर सांगा, मला काईच कळंना.

सकाळी आमच्या तेलगावच्या बारक्या पोरांची कबड्डीची टीम निवडली. शाळा सोडल्यापासून त्यांची प्रॅक्टिस मीच घेतो. गोट्या तेवढा टीमबाहेर राहिला. चढाईला गेला की त्याचा दम मधीच तुटतो. कॅप्टन म्हणला, "तूच सांग बे त्याला. तुझं ऐकतंय ते."

मला तोंडावर बोलायची लई लाज वाटती. गोट्या समोर आला अन् माझ्या तोंडून भलतंच निघालं, "तुझं वजन गटात बसंना."

पोरगं भर उन्हात स्वेटर घालून पळत बसलं. जेवलं बी न्हाई. आत्ता कापसाच्या काट्यावर उभं राहून आलं अन् म्हणलं, "दादा, बसलं वजन! आता घेता ना?"

मी सायबर कॅफेत हाय, ते बाहेर पायरीवर बसलंय. भजे देऊ केले तर म्हणलं, "नको दादा, परत वाढंल."

खरं सांगितलं तर ते इचारंल, मग मला उपाशी का पळू दिलं? त्याला काय म्हणू? पहिला शब्द तरी सांगा.