टपावरची फळी

फुलंब्रीच्या काळीपिवळी जीपमध्ये मी रोज दाटीवाटीनं जातो, त्यामुळे कुणी जास्तीचं सामान आणलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी एका पोरीनं पुरुषभर लांबीची पिशवी टपावर चढवली, गाठ पुन्हा ओढून पाहिली आणि माझ्याशेजारी बसली. उन्हानं रापलेली, खांदे पैलवानासारखे.

“काय गं हे?” समोरच्या आजीनं विचारलं.

“फळी हाय, आजी. समुद्राच्या लाटंवर हिच्यावर उभं राहायचं. परदेशात स्पर्धा असत्यात.”

दुष्काळात बापानं मेंढरं कोकणात नेली, तेव्हा ती हे शिकली. गेल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत फळीवरून पडून हरली होती. आता घरच्यांना भेटून पुन्हा निघणार होती.

हर्सूलच्या नव्या वसाहतीपाशी पाण्याचा टँकर आडवा आला. तो थांबायच्या आधीच दोन बाया नळ्या घेऊन वर चढल्या. पोरगी हसली.

“मी बी अशीच चढायची. आत पाणी हिंदकळलं की टँकर डोलायचा. तोल तिथंच शिकले.”

“अन् तिकडं परत पडलीस तर, माय?”

“इथं खाली डांबर होतं, आजी. तिथं खाली पाणीच हाय की!”

फुलंब्रीला तिची फळी उतरवायला मीच टपावर चढलो. गाडी उभी होती, तरी माझे पाय लटपटले.