बीमला झेंडूची माळ

कर्जतकडच्या आमच्या शाळेतले खेळाचे सर निवृत्त झाले आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. मी भूगोल शिकवते, पण अंगाने शिडशिडीत आहे. मुख्याध्यापकांचा क्रीडाशास्त्राचा अभ्यास एवढाच. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून मी मुलींना बॅलन्स बीम शिकवू लागले. गावातल्या सुतारानं बाभळीचा बीम करून दिला. उंची गुडघ्याएवढी, वर ताणून ठोकलेली सतरंजी, आणि रुंदी एक पाऊल कसंबसं मावेल अशी.

शिकवायचं तसं थोडंच होतं. हात बाजूला पसरायचे, नजर बीमच्या टोकावर ठेवायची, पायांकडे बघायचं नाही. टोकाला चवड्यांवर वळायचं, परत यायचं आणि गुडघे वाकवून खाली उडी मारायची. सांगायला मला झकास जमत होतं. करून दाखवायला दहावीतली एक मुलगी होती, काटक आणि तोंडाळ. आमची शाळा दहावीपर्यंतच. पुढे रोज एसटीनं कर्जतला जाऊ द्यायला तिच्या घरचे तयार नव्हते. नगरच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली तरच तिचं शिक्षण चालू राहणार होतं, आणि चाचणी दसऱ्यानंतरच्या शनिवारी होती.

मध्ये खंडेनवमी आली. शिपाईमामांनी शाळेतली झाडून सगळी अवजारं पुजली: घंटा, कुदळ, प्रोजेक्टर आणि आमचा बीम. बीमला हळदीकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. मीच कौतुकानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. दसरा झाल्यावर मुली मैदानात ओळीनं उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. पुजलेल्या वस्तूला पाय कसा लावायचा?

"तुमच्याकडे ट्रॅक्टर पुजतात ना?" मी त्या मुलीला विचारलं. "मग त्यावर चढता की नाही?"

"चढतो. पन त्याच्यावर नाचत न्हाई, मॅडम."

मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. शेवटी तीच म्हणाली, "आदी तुमी चढा. देव कोपला तर मोठ्या मान्सावर कोपू द्या."

मी ओढणी कमरेला बांधली आणि चढले. हात पसरून बीमच्या मध्यापर्यंत गेले, आणि आपले पाय जागेवर आहेत का ते बघायचा मोह झाला. दुसऱ्या क्षणी मी धुळीत सपशेल आडवी. मुलींनी पटापट आपापल्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. कोपला म्हणजे कोपलाच. कंबर ठणकत होतीच, पण माझ्या या पराक्रमानं हिचा शनिवार बुडाला, या विचारानं मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात तिनं मला हात देऊन उठवलं. कपडे झटकले आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "देवबीव काय न्हाई. मॅडमनी खाली बघितलं."

मग तिनं बीमला हात लावून तो कपाळाला लावला आणि सरळ चढली. टोकापर्यंत गेली, चवड्यांवर वळली, परत आली, उतरली. जराही डगमगली नाही. सगळ्या वर्गासमोर माझी अब्रू काढणाऱ्या त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. पण लगेच हुकूम सुटला, "आता तुमी. मी धरते." त्या आठवड्यात रोज सरावाआधी ती माझा कोपर धरून मला बीमवरून चालवायची आणि वर "मॅडम, म्होरं बघा" म्हणून दटावायची. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

तिची निवड झाली. दहावी झाल्यावर वसतिगृहात जायच्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढताना तिला म्हटलं, "सांभाळून राहा गं."

"माझं सोडा," ती दारातून म्हणाली. "तुमाला आता कोन धरनार?"

कंडक्टरनं घंटी मारली, आणि मी एसटी दिसेनाशी होईपर्यंत म्होरं बघत उभी राहिले.